शिलेदार की बारगीर? : लढाऊ विमानांविषयीच्या मराठी लेखनाची भाषा

पनवेल तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी, पनवेल-रोहे लोहमार्गावर आपटा नावाचे गाव आहे. गावाचे नाव आणि झाडाचे नाव एकच. या झाडाचे दोन पाळ्यांचे पान दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रभर 'सोने' म्हणून दिले व घेतले जाते. देणारा जाणतो की हे पान आहे, घेणाराही जाणतो. संकेत उभयमान्य असल्यामुळे या व्यवहारात कोणाची फसवणूक होत नाही. शहरांच्या बाजारांत आपट्याच्या नावाने पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात, तेव्हा मात्र प्रकार बदलतो. कारण तेथे विकणाऱ्यास ठाऊक असते आणि घेणाऱ्यास नसते. एकाच शब्दाचे हे दोन उपयोग, एक संकेताचा व दुसरा अज्ञानावर विसंबणारा, वेगळे करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम होय. लढाऊ विमानांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याची परीक्षा या दृष्टीने करण्यासारखी आहे.

निमित्त आपट्याच्याच तालुक्यातले आहे. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पनवेल तालुक्यातील नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर पहिले विमान उतरले, ते भारतीय हवाई दलाचे सी-२९५ हे मालवाहू विमान. त्याच प्रसंगी सुखोई-३० हे लढाऊ विमान धावपट्टीवरून खालून उडत गेले. जमलेल्या लोकांच्या दृष्टीने दोन्ही 'आपली विमाने' होती, आणि मालकीच्या अर्थाने ते बरोबरही होते. परंतु तोवर भारताला मिळालेली सर्व सी-२९५ विमाने स्पेनमधून आलेली होती. २०२१ च्या करारातील ५६ पैकी ४० विमाने वडोदऱ्यास बांधावयाची होती, पण त्यांची वेळ अद्याप आलेली नव्हती. सुखोईची गोष्ट निराळी. भारताने घेतलेल्या २७२ पैकी २२२ विमाने नाशिकजवळ ओझर येथे बांधली गेली, परंतु आराखडा रशियाचा. एक परदेशात पूर्ण झालेले, दुसरे परक्या आराखड्यावरून येथे बांधलेले. हा भेद सांगणारे नाम मराठी वृत्तलेखनात सापडत नाही. सापडतात ती विशेषणे : 'स्वदेशी', 'अत्याधुनिक', 'शक्तिशाली'.

वस्तुतः असे नाम मराठीजवळ होते. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा ज्यास मिळे तो बारगीर. दोघेही लढत, दोघेही मरत. शौर्याच्या दृष्टीने त्यांत डावे-उजवे करण्याचे कारण नाही. भेद होता तो घोडा कोणाचा एवढाच, आणि राज्यकर्त्याच्या लेखी तो फार मोठा होता. सभासदाच्या बखरीवरून दिसते की शिवाजी महाराजांनी पागेचे बळ वाढविले आणि शिलेदारांना पागेच्या धाकात ठेवले. याचे कारण उघड आहे : ज्याचा घोडा, त्याचा हुकूम. पागेच्या रचनेत दर पंचवीस घोड्यांमागे पखालजी व नालबंद यांचीही योजना होती. घोडा मिळाला म्हणजे फौज झाली नाही, त्याला पाणी आणि नाल लागतात, हे त्या व्यवस्थेला पुरते ठाऊक होते.

आजच्या हवाई दलांना हीच कसोटी लावून पाहावी. फ्रान्सने १९८५ मध्ये युरोपीय राष्ट्रांच्या संयुक्त लढाऊ विमानाच्या योजनेतून अंग काढून घेतले आणि राफेल हे विमान, त्याच्या इंजिनासह, स्वतः घडविले. खर्च भारी पडला, विमान वर्षानुवर्षे परदेशात विकले गेले नाही. पण फ्रान्स शिलेदार राहिला. स्वीडनचे उदाहरण याहून बोधक आहे. आराखडा त्याचा, बांधणी त्याची. इंजिन मात्र मूळ अमेरिकन रचनेवर बेतलेले. १९७८ साली भारताने खोलवर मारा करणाऱ्या विमानासाठी जग्वार, मिराज एफ-१ आणि स्वीडनचे व्हिगेन यांचा विचार चालविला असता, व्हिगेन भारताला विकण्यास अमेरिकेने संमती दिली नाही. स्वीडन विकावयास तयार, भारत पाहावयास तयार, आणि नकार तिसऱ्याचा. कारण इंजिनाचे मूळ त्याचे होते. घोडा स्वीडनचा, पण लगामाचे एक टोक वॉशिंग्टनमध्ये, अशी ही अवस्था. त्यानंतर जग्वार आले आणि त्यास 'शमशेर' हे नाव मिळाले. जग्वार हे उत्तम विमान ठरले, हे मान्य करूनही प्रश्न उरतो : तीन पर्यायांतून एक परस्पर गळाल्यावर जे उरते, त्यास 'निवड' म्हणावयाचे की आणखी काही?

या 'आणखी काही'साठी मराठीने एक क्रियापद फार पूर्वीपासून पसंत केले आहे, ते म्हणजे 'मिळणे'. 'भारताला मिग मिळाले', 'हवाई दलाला राफेल मिळाले', 'नाशिकला कारखाना मिळाला' अशी वाक्ये मराठी वाचकाला इतकी सवयीची आहेत की त्यांच्या घडणीकडे लक्ष जात नाही. 'निवडणे', 'घेणे', 'मागणे' यांचा कर्ता कोणीतरी असतो आणि त्याला जाब विचारता येतो. 'मिळणे' या क्रियापदाबरोबर घेणारा चतुर्थीत जाऊन बसतो. मिळालेली वस्तूच प्रथमेत उभी राहते. ज्याने ठरविले, ज्याने नाकारले, ज्याने किंमत लावली, ते सर्व वाक्याबाहेर. 'भूक लागली', 'थंडी वाजली' या वाक्यांप्रमाणे विमानही आपोआप प्राप्त होते.

मिगच्या इतिहासात या वाक्यरचनेने काय झाकले आहे ते पाहिले म्हणजे आक्षेपाचे स्वरूप ध्यानात येते. १९६२ च्या ऑक्टोबरातील चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असे म्हटले गेले, आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले. पुढे ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. या घटनांचा क्रम मराठी मनात असा बसला आहे की युद्ध, चव्हाण, मिग आणि नाशिक हे एकाच सूत्रात ओवले जावेत. परंतु मिग-२१ बाबत सोव्हिएत रशियाशी पहिली बोलणी पक्की झाली ती १९६२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे युद्धापूर्वी, कृष्ण मेनन मंत्रिपदावर असताना. त्या वेळी पाकिस्तानला अमेरिकेचे एफ-१०४ मिळाले होते. भारतापुढे ब्रिटिश व अमेरिकन विमानांचेही पर्याय होते. आणि सोव्हिएत पक्षाने रुपयांत मोबदला घेण्याची व भारतात उत्पादन करू देण्याची तयारी दाखविली, ही बाब निर्णायक ठरली. चव्हाण मे १९६४ मध्ये अमेरिकेस गेले ते एफ-१०४ मागण्यासाठीच. ती मागणी मान्य झाली नाही; नेहरूंच्या निधनामुळे दौराही अर्धवट टाकून परतावे लागले. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिगचा व्यवहार अधिक विस्ताराने पक्का झाला. म्हणजे 'मिळाले' या एका शब्दात एक निवड, एक नकार व एक सौदा अशा तीन भिन्न कृती सामावल्या आहेत. चव्हाणांचे श्रेय यात कमी होत नाही. उलट, नकार पचवून दुसऱ्या दाराशी जाणाऱ्या मंत्र्याची खरी कामगिरी 'मिग आणले' या गौरवापेक्षा वेगळी व अधिक अवघड होती, हे कळण्यास वाटच उरत नाही.

'मिळणे' याचे जुळे भावंड म्हणजे 'बनविणे'. मराठीत मडके घडवितात, घर बांधतात, कापड विणतात, दागिना घडवितात, खाट ठोकतात, यंत्र जुळवितात. धातूंची ही श्रीमंती हाताने काम करणाऱ्या जातीजमातींनी भाषेला दिलेली आहे. विमानापाशी येताच हे सर्व धातू गळून पडतात आणि 'बनविले' एवढेच उरते. 'निर्मिती' हे त्याचेच संस्कृत वेषांतर. ओझरच्या कारखान्यात मिग-२१ प्रथम आले ते सुट्या भागांच्या रूपाने. ते जोडणे ही जुळणी. पुढे मोठे भाग येथे तयार होऊ लागले, आणि त्यापुढे धातूच्या पत्र्यापासून सांगाडा उभा राहू लागला, ही बांधणी. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. अशा रीतीने हिंदुस्थान एरोनॉटिक्सने साडेसहाशेहून अधिक मिग-२१ विमाने पुरविली. देशात विमानधंद्याचे कसबी कामगार निर्माण झाले, ते या जुळणीतून व बांधणीतून. हे काम हलके लेखण्याचा प्रश्नच नाही. पण घडविणे, म्हणजे आकार ठरविणे, पंखाचा कोन ठरविणे, तो चुकला तर बदलणे, हे ओझरला घडत नव्हते. पुढे सुखोईच्या बाबतीतही, कच्च्या मालापासून बांधणी करण्याचा टप्पा गाठल्यावरही, करारान्वये काही धातू रशियाकडूनच घ्यावे लागत. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या काळात असे पुढे आले की सुखोईंपैकी कोणत्याही वेळी उड्डाणास सज्ज असणाऱ्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आत आहे, आणि सुट्या भागांचा तुटवडा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पागा भरलेली, नालबंद परगावी.

एवढ्यावरून 'घडविणे हेच खरे, बांधणे खोटे' असा निष्कर्ष काढणेही उतावळेपणाचे होईल. बंगळूरला घडविलेले एचएफ-२४ 'मारुत' हे विमान त्याचा पुरावा होय. जर्मन रचनाकार कुर्ट टँक १९५६ मध्ये भारतात आला. विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न होते. त्यासाठी जे ब्रिटिश इंजिन योजिले होते त्याच्या विकासाचा खर्च कोणी करावयाचा यावर बोलणी अडली, आणि मारुतला नॅट या छोट्या विमानाच्या इंजिनाच्या जोडीवर समाधान मानावे लागले. सोव्हिएत इंजिनाचा विचार झाला, इजिप्तमध्ये तयार होत असलेल्या इंजिनासाठी भारतीय पथकही तेथे गेले. काही जमले नाही. शेवटी १४७ विमाने बांधून योजना संपली. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर मारुतने चांगले काम केले, पण जे होण्यासाठी ते घडविले होते ते झाले नाही. घडविणारा हात होता, इंजिन नव्हते. 'स्वदेशी' या शब्दाने मारुतची व्यथा सांगता येत नाही, कारण तो शब्द हो किंवा नाही एवढेच जाणतो. आणि रचनाकार जर्मन, कामगार भारतीय, इंजिन ब्रिटिश अशा विमानाला तो कोणते उत्तर देणार?

नावाविषयी एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. 'मारुत' हे नाव वैदिक मरुद्गणांवरून आले. मराठी कानाला त्यात मारुती ऐकू येतो, आणि उड्डाणाच्या दृष्टीने ते गैर नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर उडविल्याचे सांगितले जाते ते यंत्रही 'मरुत्सखा'च. त्या उड्डाणाला समकालीन भक्कम पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी ही कथा जोडली जाते, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील यंत्रे उडण्याजोगी नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. तरी कथा टिकून आहे. वस्तूच्या आधी नाव येऊन बसते, आणि मग नावावरून वस्तूची खात्री पटते. मिग-२७ ला 'बहादूर', मिराजला 'वज्र', मिग-२९ ला 'बाझ' ही नावे देण्यात वावगे काही नाही. ती सोन्याच्या पानासारखी आहेत. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, फ्रान्समध्ये पहिल्या राफेलचे शस्त्रपूजन झाले, चाकांखाली लिंबे ठेवली गेली. त्यावर हसणाऱ्यांनी पागेतल्या घोड्यांच्या दसऱ्याची आठवण ठेवावी. आक्षेप पूजेला नाही. आक्षेप आहे तो हा की २००७ च्या मागणीपत्रातील १२६ विमाने, ज्यांतील १०८ भारतात बांधावयाची होती, आणि २०१६ च्या करारातील ३६ विमाने, जी सर्व फ्रान्समधूनच यावयाची होती, या दोन अगदी भिन्न गोष्टींना मराठी लेखनात 'राफेल खरेदी' हे एकच नाव पुरले. त्यावर जो वाद माजला तो किमतीचा होता. बांधणीचा प्रश्न त्यात मागे पडला, कारण त्याला बोलण्यासाठी शब्दच प्रचारात नव्हता.

आता उपयोगाची बाजू. विमान कोणते घेतले यापेक्षा ते कशासाठी वापरले, यात राष्ट्राचे शहाणपण किंवा चूक अधिक दिसते. येथे मराठीतील 'लढाऊ विमान' हा शब्द घोटाळा करतो. शत्रूच्या विमानाला उंचावर गाठून अडविणारे, जमिनीलगत जाऊन मारा करणारे, आणि दोन्ही कामे करू पाहणारे, या तिघांनाही तो एकच. मिग-२१ हे मूळचे अडविणारे विमान : वेगवान, हलके, थोडा वेळ हवेत राहणारे, उतरताना फार वेग असलेले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील राज्यपालांच्या निवासस्थानावर अग्निबाण सोडले ते याच विमानांनी. प्रसंगी ते जमिनीवरील माऱ्यालाही चालले, हे वैमानिकांचे कसब. पण हळूहळू तेच विमान नवशिक्या वैमानिकांच्या प्रगत शिक्षणासाठीही वापरले जाऊ लागले. अपघातांचा विचार करणाऱ्या समितीने १९८२ मध्ये प्रगत जेट शिक्षण-विमानाची शिफारस केली. हॉक विमानांचा करार झाला तो २००४ मध्ये, आणि विमाने सेवेत दाखल झाली २००८ मध्ये. मधल्या पाव शतकात तरुण वैमानिक मंद शिक्षण-विमानावरून थेट मिगवर चढत राहिले. १९७० पासून २०१२ पर्यंत मिग कुळातील ८७२ पैकी ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली व १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले, असे संरक्षणमंत्र्यांनी २०१२ साली संसदेत सांगितले.

या मृत्यूंसाठी मराठीने काय वापरले? 'मिग कोसळले' हे अकर्मक क्रियापद, आणि 'उडती शवपेटी' हा इंग्रजीवरून उचललेला शब्दप्रयोग. शवपेटी ही वस्तू बहुसंख्य मराठी वाचकांच्या अंत्यविधीत नाही. म्हणजे शोकाची प्रतिमासुद्धा उसनी. परंतु त्याहून गंभीर गोष्ट ही की या प्रयोगाने दोष विमानात ठेवला. विमानाला शवपेटी म्हटले की बावीस वर्षे लांबलेला शिक्षण-विमानाचा निर्णय नजरेआड होतो. मिळताना कर्ता नव्हता. कोसळतानाही कर्ता नाही.

पश्चिम जर्मनीत याच काळात असेच घडले, आणि योगायोग असा की विमान तेच, जे चव्हाणांना १९६४ मध्ये नाकारले गेले. जर्मनीने ९१६ एफ-१०४ घेतली. स्वच्छ आकाशात उंच चढून अडविण्यासाठी घडविलेले हे विमान तेथे ढगाळ हवेत, जमिनीलगत, बाँब वाहण्यास लावले गेले. २९२ नष्ट झाली, शंभराहून अधिक वैमानिक गेले. तेथील लोकांनी त्यास 'विधवा करणारे' म्हटले. या विमानाविरुद्ध बोलणारा हवाई दलातील नामांकित वैमानिक एरिक हार्टमान १९७० मध्ये सेवेतून लवकर बाहेर पडला. पुढे विमानविक्रीतील लाचेची प्रकरणेही जगभर गाजली. भारताला तो नकार मिळाला नसता तर काय झाले असते, हा तर्क करण्यात अर्थ नाही. कारण जर्मनीने विमान चुकीचे वापरले, आणि चुकीचा वापर कोणत्याही विमानाबरोबर जमतो.

मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगढ येथे निरोप देण्यात आला; १९६३ मध्ये ते प्रथम तेथेच आले होते. निरोपाच्या लेखांत कृतज्ञता पुष्कळ होती, आणि ती योग्यच होती. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरच्या धावपट्टीवरून तेथे बांधलेले पहिले तेजस एमके-१ए उडाले. साठ वर्षांत प्रथमच नाशिकच्या कारखान्यातून भारतीय आराखड्याचे लढाऊ विमान बाहेर पडत होते. ज्या कामगारांच्या वडिलांनी मिगचे सांगाडे उभे केले, त्यांच्यापैकी काहींच्या मुलांनी हे उभे केले असणे अशक्य नाही. तथापि इंजिन अमेरिकन आहे. २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला; त्यांसाठीच्या इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले, आणि तोवर विमानाची ठरलेली मुदत उलटून गेली होती. तेजससाठी देशी 'कावेरी' इंजिन योजिले होते. २००८ मध्ये ते या विमानापासून वेगळे करण्यात आले. स्वीडनच्या आधीच्या ग्रिपेन विमानांचे इंजिनही याच अमेरिकन कुळातले, हे येथे ध्यानात घेतले म्हणजे न्यूनगंडाचे कारण उरत नाही. आणि १९७८ चे व्हिगेन आठवले म्हणजे निश्चिंतीचेही.

अशा विमानाला जुन्या मराठीत काय म्हटले असते? खोगीर आपले, घोडा आपल्या अंगणात वाढलेला, नाल मात्र दुसऱ्या गावच्या भट्टीतले. तो ना पुरता शिलेदार, ना पुरता बारगीर. पागेच्या कारकुनाला अशा घोड्याची नोंद कोणत्या सदराखाली करावी असा प्रश्न पडला असता, आणि त्याने ते सदर नव्याने आखले असते. मराठी वृत्तलेखनाने मात्र त्या दिवशी 'स्वदेशी' हे सदर तयारच ठेवले होते. त्याच समारंभात ओझरला एचटीटी-४० या प्राथमिक शिक्षण-विमानाच्या दुसऱ्या उत्पादन-रांगेचेही उद्घाटन झाले. नवशिक्या वैमानिकाचे पहिले उड्डाण या विमानातून व्हावयाचे आहे. त्याचा आराखडा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा; इंजिन येथेही अमेरिकन.